एक सूत सरकवलेला कागद

बसा जरा. घाई नसेल तर एक सांगायचं आहे, आणि हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. कळंब्याच्या तळ्यावर ज्याच्याबरोबर इतकी वर्षं फिरायला जातो, त्या मित्रालाही नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा हा विषय मी काढत नाही. त्याला सगळं माहीत असतं म्हणतात, मग उगाच कशाला आठवण करून द्या? असा माझा हिशेब. हसू नका. भित्र्या माणसाचा देवसुद्धा त्याच्यासारखाच असतो.

मी ट्रेसर होतो. कागदोपत्री ‘आरेखक’ म्हणायचे, पण ऑफिसात सगळे ट्रेसरच म्हणत. जुन्या, फाटायला आलेल्या नकाशावर पातळ कापड पसरायचं आणि खालची रेघन् रेघ शाईनं वर उतरवून घ्यायची, हे काम. सोपं वाटतं ना? करून बघा. श्वास जोरात सोडला तरी रेघ हलते. माझी हलायची नाही. मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी दाढी करताना माझा हात थरथरायचा, पण बोटांत शाईचा पेन आला की थांबायचा. एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात चांगली येत होती — आणि जे काही वाकडं झालं ते त्याच हातानं झालं.

नदीपलीकडचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. साठ-सत्तरच्या सुमाराला तिथं जमिनीचं एकत्रीकरण झालं, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडून प्रत्येक तुकड्याला नवा नंबर दिला. त्याला गट म्हणायचं. त्या गावाचा नकाशा मी उतरवला. तरुण होतो, नवा होतो, महिनाभर गावातच मुक्काम होता. तिथं बाबालाल बागवान भेटले. मी त्यांना चाचा म्हणायचो. पिढ्यान् पिढ्या भाजी पिकवणारं घर. त्यांच्या वाट्याला एक पट्टी आली होती: चाळीस फूट रुंद, आठशे फूट लांब, सरळ दक्षिणोत्तर. एकोणतीस गुंठे. पूर्वेला पाटलांचा ऊस, पश्चिमेला चौगुल्यांचा ऊस आणि मध्ये ही पट्टी. टोकाला ओढा, ओढ्यावर पाणी उपसायचं एक जुनं इंजिन. त्या चाळीस फुटांत चाचा काय काय लावायचे! वांगी, गवार, दोडका, कडेनं झेंडू. कुणी चिडवलं की शेत आहे का रस्ता, तर म्हणायचे, “रस्ताच हाय की. ह्या रस्त्यानंच माझी चूल पेटती.”

त्यांना मी पट्टीचा नकाशा वेगळा काढून दिला होता. कुणी सांगितलं नव्हतं, हौसेनं दिला. कापडावर, दोन रंगांत.

आता मधली वर्षं सोडतो. सांगायचं आहे ते पंच्याऐंशीच्या आसपासचं.

नदीवरून पाणी उचलून वरच्या गावांना द्यायची योजना आली. कोणत्या गटाला कोणत्या चारीतून पाणी द्यायचं, त्याची यादी करायची होती. पूर्वी असं काम चार कारकून वर्षभर करायचे. पण पुण्याहून एक तरुण इंजिनिअर साहेब आले. शर्टाच्या खिशाला चार पेन, बोलणं मृदू. ते म्हणाले, यादी कंप्युटर करणार. आम्ही एकमेकांकडे बघितलं. कंप्युटर आम्ही पेपरात फोटोत पाहिलेला. तो पुण्यातच राहणार होता. इथून फक्त कागद भरून पाठवायचे.

साहेबांनी मला समजावलं ते मला अजून पाठ आहे. ते म्हणाले, तुमचा नकाशा म्हणजे रेघा. आपल्याला डोळे आहेत म्हणून रेघेच्या आत शेत दिसतं. आपल्या त्या यंत्राला रेघ कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून रेघांचे चौकोन करायचे. पाव इंचाचे चौकोन छापलेला पारदर्शक कागद नकाशावर ठेवायचा. एक चौकोन म्हणजे जमिनीवर शंभर फूट बाय शंभर फूट. चौकोनात ज्या गटाची जमीन सगळ्यात जास्त, त्या गटाचा नंबर त्या चौकोनाला. ओळीनं लिहीत जायचं — पहिला चौकोन, दुसरा चौकोन — गाव संपेपर्यंत. आणि एक गोष्ट त्यांनी बोट दाखवून सांगितली: कागदाचा डावा वरचा कोपरा शिवेवरच्या दगडाच्या खुणेवर अगदी अचूक बसला पाहिजे. एकदा बसला की हलवायचा नाही.

एका गावाचे पाच हजारांवर चौकोन. तुम्ही कधी पाच हजार वेळा ‘जास्त कुणाचं’ असं स्वतःला विचारलं आहे का? बांध चौकोनाच्या मधूनच जातो. इकडे जास्त की तिकडे? डोळा बारीक करा, पट्टी लावा, ठरवा, लिहा. पुढचा. तिसऱ्या दिवशी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वर शेजारच्या टेबलावरचे दोघं टोमणे मारायला मोकळेच — “काय ओ, चौकट राजा, कुठवर आलं राज्य?”

तेव्हा मला दिसलं, की कागद नुसता एक सूत उजवीकडे सरकवला — एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांना विचारा — तर त्या गावातले निम्मे मोठे बांध चौकोनांच्या रेघांवर चपखल बसतात. मग ठरवायचं काही उरतच नाही. अख्खा उभा रकाना एका नंबराचा. झरझर. मी दाराकडे बघितलं — म्हणजे चूक आहे हे मला ठाऊक होतं, नाहीतर दाराकडे कशाला बघितलं असतं? — आणि कागद सरकवला. पिना टोचल्या. जे काम पंधरा दिवसांचं, ते सहा दिवसांत उरकलं. साहेब खूष झाले. सगळ्यांसमोर म्हणाले, यंत्रापेक्षा यांचा हात चांगला. शेजारची दोन गावंही मला दिली. तिथंही मी तसंच केलं.

एवढंच असतं तर हे सांगायला मी तुम्हाला बसवलं नसतं. आळस कोण करत नाही?

पुण्याहून यादी आली. दोन्ही कडांना भोकं पाडलेला, लांबच लांब घडीचा कागद, त्यावर गटाचा नंबर, त्याचे चौकोन, त्याची चारी. साहेब म्हणाले, बेरीज बघा. बेरीज बरोबर होती. चौकोनांची बेरीज चुकतच नाही हो, तीच तर गंमत आहे! गावातला प्रत्येक चौकोन कुणाला तरी दिलेला असतो. एकाचा तुकडा दुसऱ्याकडे गेला तरी बेरीज तीच. म्हणून साहेबांनी आणखी एक पडताळणी ठेवली होती. गावची गट नोंदवही आणि ही यादी शेजारी ठेवून, यादीतून गळालेले गट शोधायचे. ते म्हणाले, “लहान तुकडे या पद्धतीत गळतात, घाबरू नका. शेऱ्यात ‘पाणी हवे’ लिहा, मी हातानं घालतो.”

त्या गावात चार गट गळाले होते. पहिला सार्वजनिक विहिरीचा. दुसरा बिरोबाच्या देवळाचा. तिसरा स्मशानाचा. चौथा बाबालालचाचांचा.

मी नंबर दोनदा बघितला. कपाट उघडून मूळ नकाशा काढला, वर चौकोनांचा कागद ठेवला. मी सरकवलेल्या जागी एका चौकोनाची उभी रेघ पट्टीच्या बरोबर मधोमध जात होती. वीस फूट इकडच्या चौकोनात, वीस फूट तिकडच्या. इकडे पाटील जास्त, तिकडे चौगुले जास्त. आठशे फूट लांबीच्या पट्टीला एकही चौकोन नाही. मग कोपरा दगडाच्या खुणेवर नेला, साहेबांनी सांगितला होता तसा. पट्टी चौकोनांच्या आत आली. मध्ये चाळीस फूट तिचे, दोन्हीकडे तीस-तीस शेजाऱ्यांचे. आठच्या आठ चौकोन चाचांचे झाले असते. हक्कापेक्षा जास्तच, पण जास्त झालेलं नोंदवहीवरून कापता येतं.

आता एक ओळ पुरे होती. ‘पाणी हवे.’ दोन शब्द. साहेबांनी हातानं नाव घातलं असतं.

पण साहेब हुशार माणूस. त्यांनी विचारलंच असतं, चाळीस फुटांची पट्टी सबंध गळाली कशी? त्यांनी कागद ठेवून बघितला असता. मग एक सूत दिसलं असतं — या गावाचं, त्या दोन गावांचंही. सगळं पुन्हा. आणि मुख्य आरेखकाच्या जागेसाठी माझं नाव वर गेलेलं. सगळ्यांसमोर कौतुक झालेला हात. त्या हाताची फजिती होईल, एवढीच भीती. नोकरी जाणार नव्हती. मुलं उपाशी राहणार नव्हती. नुसती फजिती.

मी पहिल्या गटापुढे लिहिलं, ‘पाण्याची गरज नाही.’ विहिरीला कशाला पाणी? दुसऱ्यापुढे लिहिलं, ‘वरीलप्रमाणे’. तिसऱ्यापुढे, ‘वरीलप्रमाणे’. आणि चौथ्यापुढेही तेच लिहिलं. सही केली. अक्षर सुरेख आलं होतं.

त्या घरच्या वांग्याची भाजी मी खाल्ली होती. महिनाभर.

दीड-दोन महिन्यांनी चाचा ऑफिसात आले. बाहेरच्या बाकावर बसून होते, डोक्याला टोपी, मांडीवर साखरेच्या पोत्यातला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेला. आमच्याकडची माणसं ऑफिसात आली की आधी आवाज चढवतात. तीन खोल्या पलीकडे कळतं कुणाचं काय अडलंय ते. चाचांचा आवाज नेहमीचाच होता. मला बघितल्यावर त्यांचा चेहरा एवढा उजळला, की मी पुढे जाऊन त्यांचा हात धरला. हे कसं केलं मी?

त्यांनी प्लॅस्टिक सोडलं. आत माझाच नकाशा, कापडावरचा, दोन रंगांतला. घड्या पडलेल्या, पण शाई शाबूत.

“यादीत माझा गट न्हाय म्हनत्यात. तुमीच काढून दिल्ता की ह्यो नकाशा. पट्टी हाय का न्हाय, सांगा तुमीच.”

मी म्हणालो, बघतो. ते दुसऱ्यांदा आले, तेव्हाही म्हणालो, बघतोय, चालू आहे. तिसऱ्यांदा मात्र मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला, आणि ती घडीची यादी पुढ्यात पसरली. म्हणालो, चाचा, मी तीन दिवस शोधलं. हे माणसाचं काम नाही, कंप्युटरचं आहे. तो चुकत नाही. जुन्या मोजणीतच काहीतरी गडबड असणार.

जुनी मोजणी! जिचा नकाशा मी उतरवला होता. माझी स्वतःची खरी रेघ मी खोटी ठरवली, सरकवलेला कागद वाचवायला.

चाचांनी त्या भोकं पाडलेल्या कागदावरून बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नव्हतं फारसं. मग म्हणाले, “आता तुमी म्हनताय म्हंजे आसंल बाबा. मानसानं केलं आसतं तर भांडलो आसतो. त्या यंत्राचं नि माझं काय वैर?”

चहा पूर्ण प्यायले आणि कप उचलून स्वतः बाहेर ठेवून आले.

पण त्यांच्या पुतण्यानं ऐकलं नाही. त्यानं वर अर्ज केला. बरोबर केलं. आणि सरकारी वाट कशी असते तुम्हाला ठाऊक आहे: वर गेलेला अर्ज खाली येतो, फिरत फिरत, ‘संबंधितांनी अभिप्राय द्यावा’ म्हणून. संबंधित कोण? मीच. म्हणजे ती एक ओळ लिहायची संधी मला पुन्हा मिळाली. तोवर साहेब पुण्याला परत गेले होते. मुख्य आरेखकाची जागा मला मिळाली होती. विचारणारं कुणी उरलं नव्हतं. मग आता कशाची भीती होती? पहिलं खोटं लिहायला निदान भीती तरी होती. दुसरं लिहिलं ते पहिलं आधी लिहिलं होतं म्हणून. ‘मूळ पडताळणीत नमूद केल्याप्रमाणे पाण्याची गरज आढळून येत नाही.’ अर्ज दप्तरी दाखल झाला.

योजना सुरू झाली तसा ओढ्यावरच्या इंजिनांचा परवाना बंद झाला. सगळ्यांना चारीचं पाणी मिळणार, मग ओढा कशाला उपसायचा, असा नियम. नियमात खोट नव्हती. यादीत असणाऱ्यांसाठी.

पहिल्या उन्हाळ्यात मला त्या बाजूला पाहणीला जावं लागलं. नसतो गेलो, पण जीपमध्ये वरिष्ठ होते. गावाच्या अलीकडे चढ आहे, तिथून सगळा शिवार दिसतो. नवं पाणी मिळालेला ऊस दोन्हीकडे कसा हिरवागार उभा होता! आणि मध्ये एक लांब, सरळ, तांबूस पट्टी. वरिष्ठांनीही बोट दाखवलं. म्हणाले, ते काय, रस्ता आहे का? मी म्हणालो, असेल.

खाली उतरलो तेव्हा चाची दिसल्या, चाचांची बायको. ओढ्यातून घागर भरून, ती कमरेवर घेऊन वांग्याच्या रोपांच्या बुडाशी तांब्या-तांब्यानं पाणी घालत होत्या. घागरीनं पाणी घालायला बंदी नव्हती. आठशे फूट. दोन ओळी हिरव्या ठेवल्या होत्या त्यांनी, बाकी सोडून दिलं होतं. मी जीपच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. वाईट वाटलं का विचाराल, तर खूप वाटलं. पण वाईट वाटण्यानं त्या रोपांना तांब्याभर पाणीसुद्धा मिळालं नाही. मी जीपमधून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाचा नकाशा काढायला बसलो.

पुढच्या वर्षी चाचांनी पट्टी पाटलांना विकली. बिनपाण्याची जमीन म्हणून स्वस्तात दिली. पाटलांनी मधला बांध नांगरून टाकला आणि पट्टीला दुसऱ्या दिवसापासून पाणी सुरू झालं, पाटलांच्या चारीतून. पाटलांना तरी काय बोल लावू? त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग एकदा सकाळी मी आणि बायको कपिलतीर्थ मंडईत भाजी घ्यायला गेलो. कोपऱ्यावर पोतं अंथरून चाचा बसलेले. दुसऱ्याची भाजी घेऊन विकत होते. चेहरा वाळला होता, पण मला बघताच उठून उभे राहिले. मी नको नको म्हणत होतो. बायकोला म्हणाले, “वैनी, ह्या मानसानं माझ्या पट्टीसाठी लई खटपट केली. तीन दिस शोधत बसलावता. माझं नशीबच न्हवतं, त्याला त्येनी काय करनार?” आणि पिशवीत मूठभर जास्तीच्या मिरच्या टाकल्या.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे एवढ्या कौतुकानं कधी बघितलं नव्हतं. मी काय म्हणालो, ऐका. म्हणालो, “तेवढं तर करायलाच पाहिजे ना, चाचा.”

पुढे दोन-तीन वर्षांत चाचा गेले. मी मातीला गेलो होतो. पुतण्यानं मला पुढे उभं केलं, घरचा माणूस म्हणून.

त्यांच्या पट्टीचं पाणी कंप्युटरनं तोडलं नाही, जुन्या मोजणीनं नाही, नशिबानं तर नाहीच. मी तोडलं. आधी आळसानं, मग भीतीनं, मग नुसतं लिहून झालं होतं म्हणून. दोनदा हातात पेन होता, दोन्ही वेळा मी खोटं लिहिलं.

आमच्या घरी पाहुणे आले, की बायको मंडईतली ती गोष्ट अजून सांगते. सरकारी नोकरीत राहूनसुद्धा आमच्या ह्यांनी एका भाजीवाल्यासाठी कसे तीन दिवस घातले, आणि तो माणूस भर मंडईत कसा उठून उभा राहिला. नातवंडांना ती पाठ झाली आहे. ती सांगत असते तेव्हा मी तिथंच खुर्चीत बसलेला असतो. पाहुणे माझ्याकडे बघतात. मी चहा पितो.